टेस्टरकाकांचा दुसरा हात

माझ्या मावशीचे यजमान लाइनमन होते. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण शर्टाच्या खिशातला टेस्टर काही सुटला नाही, म्हणून आम्ही भाचरं त्यांना टेस्टरकाका म्हणतो. ते फ्रिजच्या दाराला हात लावायच्या आधी टेस्टर लावतात. लग्न ठरवायला आले तेव्हा आमच्या आजोबांच्या दारावरची बेलही त्यांनी आधी तपासली होती, असं मावशी सांगते. काका ते नाकारत नाहीत.

त्यांचा दुसरा नियम म्हणजे विजेच्या कामाला एकच हात लावायचा, दुसरा खिशात ठेवायचा. दोन्ही हात गुंतले की वीज एका हातातून शिरते आणि छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते. एका पावसाळी दिवशी त्यांचा जोडीदार खांबावर हा नियम विसरला. काकांनीच त्याला खाली उतरवला. याहून जास्त त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही, आणि आमची विचारायची छाती झाली नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. काकांनी मावशीच्या बागेतल्या शेडला कधी वीज दिलीच नाही. "ओली जमीन, पत्र्याच्या भिंती आणि त्यात वायर? मी जिवंत असेपर्यंत नाही," हे त्यांचं वाक्य. गल्लीभर दिवे लावणाऱ्याच्या घरी दिव्याखाली अंधार. शेडला खिडकी नाही. आत बियांचे डबे, खताची पोती आणि एकात एक बसवलेल्या कुंड्या. मावशी संध्याकाळी तिथे रोपं लावायची आणि काका दारात बॅटरी धरून उभे राहायचे. ती म्हणेल तिकडे उजेड वळवायचे. आत पाऊल टाकत नसत, कारण त्यांच्या मते दोन माणसं मावण्याएवढी जागाच नव्हती.

एका संध्याकाळी काका दातांच्या डॉक्टरकडे अडकले. मावशी एकटीच आत गेली, झारीला अडखळली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, काठी आली. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, आईच्या काळजीने शेडच पाडायला निघाला. "तुला हवं तर गॅलरीत चार कुंड्या ठेव," म्हणाला. मावशी कुणाला न आवरणारी बोलघेवडी बाई, पण यावर एक अक्षर बोलली नाही. मग बागेबद्दल विचारायचीही थांबली. मला तिच्या त्या गप्पपणाची भीती वाटली.

म्हणून मी सोलरचा दिवा घेऊन गेले. छोट्या पाटीएवढं पॅनेल, एक बारीक वायर आणि दिवा. पॅनेलवर अंधार पडला की दिवा आपोआप लागतो.

काकांनी खोकं उलटंपालटं केलं. "मीटर कुठाय?"

"मीटर नाही, काका."

"मग वीज कुठून येणार?"

"उन्हातून."

"उन्हातून," ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना कुणा बुवाचा अंगारा आणून दिला होता.

तरी त्यांनी तो स्वतः बसवला. एक हात खिशात, स्क्रू दातांत, आणि मी नुसती हमाल. शेडच्या मागच्या बाजूला छप्पर छातीपर्यंतच येतं, तिथे पॅनेल आणि आत दिवा लावायचं ठरलं. संध्याकाळची मला घरी जायची घाई होती, तेवढं शेवटचं काम त्यांनी एकट्याने केलं.

दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशीही लागला नाही. "बाबा, राहू द्या आता," दादा म्हणाला. "रविवारी दुपारी शेड पाडायला माणसं येतायत."

रविवारी सकाळी मी पोचले, तर मावशी काठी टेकत बागेतून चालली होती. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. ती शेडच्या मागे गेली, पॅनेलकडे बघितलं आणि हसायला लागली. काकांनी पॅनेलवर पत्र्याचं छप्पर घातलं होतं. कडा दुमडलेलं, देखणं.

"आजवर बसवलेल्या प्रत्येक विजेच्या पेटीवर मी छप्पर घातलंय," काका म्हणाले. "ऊनपावसाने खराब होते."

"अहो, रोप सावलीत लावलंत तुम्ही."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी मुकाट्याने छप्पर काढलं, तेही एकाच हाताने.

पॅनेलने दुपारपर्यंत ऊन प्यायलं. माणसं यायची वेळ झाली आणि अंधार पडायला अजून अवकाश होता. पॅनेल झाकलं तरी चालेल, मी म्हटलं. मावशी दादाचा हात धरून शेडमध्ये गेली आणि दार लावून घेतलं. काका शेडमागे पॅनेलपाशी उभे राहिले, मी त्यांच्या शेजारी. त्यांनी टेस्टर लावून बघितला, मग पंजा पॅनेलवर ठेवला.

"लाइट आला का?" त्यांनी विचारलं. खांबावरून विचारायचे तसंच.

"नाही," पत्र्याआडून मावशी.

त्यांनी पंजा सरकवला. उरलेल्या अर्ध्यावर ऊन होतंच.

"आता?"

"नाही." मग थोडं थांबून, "अहो, तुमचा दुसरा हात कुठाय?"

काकांनी खिशाकडे बघितलं.

"खिशात ना? काढा तो."

खिशातल्या हाताची मूठ झालेली मला दिसली. काका वर बघत होते. वर खांब नव्हता, नुसतं आभाळ होतं. जवळच माझी पिशवी पडली होती, ती पॅनेलवर टाकली असती तरी भागलं असतं. पण त्या क्षणी माझी हलायची हिंमत झाली नाही. मग तो हात सावकाश बाहेर आला आणि पहिल्याच्या शेजारी टेकला. दोन्ही पंजे विजेच्या वस्तूवर.

"आला," आतून मावशी म्हणाली. "अहो, आला."

भर उन्हात त्या माणसाच्या तळव्यांखाली रात्र झाली होती आणि पत्र्यापलीकडे दिवा लागला होता.

"भिंत हिरवी आहे हो," मावशी सांगत होती. "मला इतकी वर्षं काळीच वाटायची. आणि जागा केवढी आहे इथे. तुमची खुर्ची सहज बसेल."

काकांनी पॅनेलवर बोटं पसरली. "गरम आहे," ते हळूच मला म्हणाले. "नुसतं गरम. बाकी काही नाही."

दादा फोनवर कुणाला तरी "आज नको, नकोच आता" असं सांगत बाहेर आला.

"काका, काढा हात," मी म्हटलं. "झालं काम."

"थांब," ते म्हणाले. "तिचं बघून होऊ दे."