नाव सांगायचं नाही
अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, बाळंतिणींच्या घरोघरी फिरणारी नर्स म्हणजे आर्डिस क्वामे. भर बर्फात गाडी हाकत जायची, पण कुणाच्या घरात काय पाहिलं ते तिने सख्ख्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. काउंटीच्या बजेट समितीने नेमकी तिच्याच फेऱ्यांवर कात्री चालवायचं ठरवलं.

त्यावर जाहीर सुनावणी ठेवली. तिथे प्रत्येकाला बोलायला तीनच मिनिटं मिळतात, मग लाल दिवा लागतो. हवं तर आपली मिनिटं दुसऱ्याला देता येतात.

"लोकांकडे कॉफी प्यायला जातेस, त्याचे पैसे काउंटीने का मोजायचे?" समितीचा अध्यक्ष व्हर्लिन होल्टे गुरकावला. "कुणाचा जीव वाचवलास? एक तरी नाव सांग!"

गेल्या हिवाळ्यात जिच्या हातातून गोळ्यांची बाटली हिसकावून घेतली होती, तिचं नाव आर्डिसच्या अगदी जिभेवर आलं. तिने ते तसंच गिळून टाकलं.

"नाही ना? मग झालं तर!"

लाल दिवा लागला. आर्डिस खाली बसणार, तोच मागच्या रांगेतून व्हर्लिनची सून उठली. कडेवर बाळ होतं.

"माझी तीन मिनिटं आर्डिसला द्या," ती म्हणाली. "आणि बाबा, नाव हवंय ना तुम्हाला? माझंच लिहून घ्या."