ओवा घातलेले साबुदाणा वडे

आमच्या घरी रविवारी संध्याकाळी गॅस पेटवायला बंदी होती.

ही बंदी बाबांनी घातली होती. आई शाळेत शिकवायची. आठवडाभर पहाटे उठून सगळ्यांचे डबे भरणाऱ्या बाईला एक संध्याकाळ तरी सुट्टी हवी, असं बाबांना मनापासून वाटे. (ती सुट्टी आपण स्वतः स्वयंपाक करून द्यावी, असंही त्यांना एकदा वाटलं होतं. त्या दिवशीचा कुकर नंतर भंगारवाल्यानेही घेतला नाही.) म्हणून दर रविवारी आम्ही चौघं, म्हणजे आई, बाबा, मी आणि माझी धाकटी बहीण वैशू, खांदा कॉलनीतल्या घरून चालत स्टेशनच्या बाजूच्या एका शाकाहारी हॉटेलात जेवायला जात असू.

तिथे भाज्यांची नावं खूप आणि रस्सा एकच! व्हेज कोल्हापुरी मागवा, जयपुरी मागवा, नाहीतर बाबा भीत भीत मागवायचे ती ‘शेफ स्पेशल’. लाल रंगाची तीच ग्रेव्ही यायची, फक्त वर कधी किसलेलं चीज, कधी तळलेला पापड. आम्ही ती वर्षानुवर्षं सोसली. कारण आई तिथे खुर्चीत टेकून बसायची आणि दुसऱ्याने वाढलेलं गरम गरम जेवायची. घरी मी तिला गरम पोळी खाताना कधी पाहिलंच नव्हतं. शिवाय साबुदाणा वडे! ते मात्र त्या हॉटेलात असे मिळायचे, की विचारू नका: वरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत, आणि सोबत गोडसर दह्याची चटणी. त्या वड्यांनीच आमचा घात केला.

तर अशाच एका रविवारी दुपारी वैशूला बघायला मंडळी यायची होती. मुलगा अमोल, करंजाड्याचा. वैशूने याआधीची दोन-तीन स्थळं ‘नको’ एवढ्या एका शब्दात उडवली होती. तिला स्वयंपाकाचा कंटाळा होता आणि तो लपवायचा त्याहून जास्त. आई म्हणाली, “निदान पोहे तरी तू कर. ‘मुलीनेच केलेत’ असं सांगता आलं पाहिजे.” वैशूने पोहे भिजवले आणि मैत्रिणीचा फोन आला. फोन संपला तेव्हा चाळणीत पोहे नव्हते, लापशी होती.

तेवढ्यात अमोलच्या वडिलांचा फोन. “रिक्षात बसलोय, पोचतोच!”

आईचा चेहरा पांढरा पडला. मी म्हणालो, “घाबरू नका. मी आहे!” (माझ्या आयुष्यातल्या बहुतेक संकटांची सुरुवात याच वाक्याने झालेली आहे.) स्कूटर काढली, हॉटेल गाठलं आणि आमच्या नेहमीच्या वेटरला, दामूला म्हटलं, “साबुदाणा वडे दे, लवकर! बहिणीला बघायला पाहुणे येतायत.” दामू करंजा बंदराकडचा. त्याने वड्यांवर चटणीची एक पिशवी जास्त टाकली. “ताईचं काम हाय, नाय कसं म्हनू?”

मंडळी आली. वडे आमच्या स्टीलच्या डिशमधून बाहेर आले. अमोलच्या आईने एक खाल्ला, दुसरा घेतला आणि विचारलं, “वा! कोणी केले?”

आई खोटं बोलायची वेळ आली की स्वयंपाकघरात जाते. ती गेली. बाबा पंख्याकडे बघू लागले. वैशू तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणालो, “वैशूने! सगळं तिच्याच हातचं!”

“हो? काय घातलंय हो यात?”

इथे गप्प बसायला हवं होतं. “ओवा,” मी म्हणालो.

“साबुदाणा वड्यात ओवा?”

“थोडासाच. पचायला बरा!”

वैशूने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने पाण्याचे ग्लास उचलले. मग ती आणि अमोल गॅलरीत बोलायला गेले. मंडळी “कळवतो” म्हणून निघून गेली. दार लावल्यावर वैशू माझ्यावर कडाडली, “तुला बोलायला कोणी सांगितलं होतं रे दादा?” आणि मग एकदम हळू आवाजात आईला म्हणाली, “हा मला आवडलाय.”

वैशूने पहिल्यांदाच कोणाला तरी हो म्हटलं होतं. आता सगळं त्यांच्या होकारावर होतं आणि त्यांचा होकार, माझ्या कृपेने, ओव्यावर!

संध्याकाळ झाली. रविवार होता. गॅसला बंदी. आम्ही हॉटेलात गेलो.

गर्दी तुडुंब. अशा वेळी बाबांची पद्धत लग्नाच्या पंगतीतली. ज्यांचं जेवण आटोपत आलंय, त्यांच्यामागे जाऊन खुर्चीची पाठ धरून उभं राहायचं. कोण बडीशेपेपर्यंत आलंय आणि कोण अजून ताक मागवणार, हे त्यांना लांबूनच कळे. बाबांनी एक टक्कल हेरलं, जाऊन त्याच्या खुर्चीवर हात ठेवला आणि आम्हांला खूण केली. आम्ही तिघं त्यांच्यामागे ओळीने उभे.

टक्कल वळलं. ते अमोलचे वडील होते. सोबत अमोल आणि त्याची आई.

“अरे, तुम्ही! बसा, बसा! आम्ही दुसऱ्यांदा वडे मागवलेत,” ते म्हणाले. टेबल मोठं होतं. पळायला जागा नव्हती. आम्ही बसलो. तेवढ्यात गरम वड्यांची ताटली घेऊन दामू आला आणि आम्हांला बघून त्याचा चेहरा फुलला.

“बाई, दुपारचे वडे पुरले ना? पावन्यांना आवडले का? जमलं का ताईचं?”

आई उठून जायला स्वयंपाकघर शोधू लागली. बाबा पंख्याकडे बघायला लागले, पण हॉटेलात एसी होता.

अमोलच्या आईने शांतपणे वडा मोडला. मग दामूला विचारलं, “यात ओवा घालता का हो तुम्ही?”

“ओवा?” दामू हबकला. “साबुदान्यात? कोन सांगतो असं?”

आता सगळे माझ्याकडे बघत होते. मी पाणी प्यायलो, ते ठसक्याने बाहेर आलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “प्रत्येकाची पद्धत वेगळी असते!”

वैशूला ते असह्य झालं. “काकू, पुरे ना. बिचारा घामाघूम झालाय. तुम्हांला सगळं माहीत आहे.”

अमोलची आई जी हसायला लागली, ती थांबेचना. वैशूने गॅलरीत गेल्या गेल्या अमोलला सांगून टाकलं होतं, की वडे हॉटेलचे आहेत, मला धड पोहेही येत नाहीत आणि माझा भाऊ थापाड्या आहे. अमोलने विचारलं होतं, “कुठल्या हॉटेलचे?” ‘घरच्यांना मी सांगतो’ असंही तिला म्हटलं होतं आणि परत जाताना रिक्षात आईवडिलांना सगळं सांगितलं होतं.

“म्हणून तर आलो इथे,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. मग आईचा हात धरून जरा गंभीर झाल्या. “मला बघायला आले तेव्हा शेजारच्या काकूंनी केलेले बेसनाचे लाडू ठेवले होते पुढे. माझेच म्हणून. नंतर दर दिवाळीला छातीत धडकी भरायची माझ्या. हिला तसं नको. मुलीचं उत्तर हो असेल, तर आमचंही हो.”

अमोलच्या वडिलांचा घास हातातच राहिला. “म्हणजे ते लाडू तू केले नव्हतेस?”

“गप जेवा,” त्या म्हणाल्या.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या लेकीला कोणाची धास्ती बाळगायला लागणार नाही, एवढंच तिला हवं होतं. मी इतकी मेहनत घेऊन रचलेल्या थापेचा त्यात काडीचा उपयोग झाला नव्हता, आणि माझ्या बहिणीने गॅलरीत उभं राहून, काही न रचता, आपलं लग्न ठरवलं होतं. मला तिचा फार अभिमान वाटला. तिने माझ्या ताटलीतला वडा उचलून खाल्ला तरी वाटत राहिला.

लग्न झालं. वैशूच्या सासरी हॉटेलातून काहीही मागवलं, की त्याला ‘दादाच्या हातचं’ म्हणायची तेव्हापासून रीत पडली. मोठ्यांना ती गंमत वाटते. भाच्याला ती गंमत आहे हे कोणी सांगितलेलंच नाही. मध्यंतरी तो माझ्याकडे राहायला आला. शाळेतल्या मित्रांना त्याने सांगितलं होतं, माझा मामा जगात सगळ्यांत भारी स्वयंपाक करतो. टेबलाशी बसून तो म्हणाला, “मामा, तू करतोस ना, तसं मंचुरियन कर.”

इतका विश्वास माझ्यावर आजवर कोणी टाकला नव्हता. मला भरून आलं. “आत्ता करतो हं,” मी म्हणालो, आणि हेल्मेट घालून स्वयंपाकाला निघालो.