झाकणाच्या आतलं नाव

मुख्याध्यापिका सुनंदाबाईंनी पुनारामला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा तो शाळेच्या पाण्याच्या मोटारीला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून, त्याची मूठ कानाशी लावून आतला आवाज ऐकत उकिडवा बसला होता. पोरं ओरडत होती, "पुनाराम भैया फोन पे बात कर रहे हैं!" त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. "बेरिंग जाऊन राह्यलं, बाई," एवढंच तो म्हणाला. दोन दिवसांनी मोटार बंद पडली.

परसवाड्याकडचा हा माणूस आधी रेडिओ दुरुस्त करायचा. रेडिओ गेले, तसा तो मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या या शाळेत रोजंदारीवर शिपाई झाला. सात वर्षं झाली होती. त्याला कायम करायचा ठराव एप्रिलच्या बैठकीत येणार होता.

२००६ च्या जानेवारीत शाळेचा एकुलता एक लॅपटॉप रुसला. संस्थेच्या सचिवांनी स्वतः वापरून जुना केला आणि मग हारतुरे घेऊन शाळेला दान दिलेला. पाच मिनिटं चाले, तापे, बंद होई. दहावीच्या एकशे बारा मुलांची यादी त्यात अडकली होती आणि बोर्डाला ती दुसऱ्या दिवशी हवी होती.

"उघडशील?" बाईंनी विचारलं.

"मले रेडिओ समजते, बाई. हे कधी उघडलं नाही."

"उघड रे. मी आहे ना."

त्यानं आतला पंखा दाढीच्या ब्रशनं झाडला, त्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला. मोडकी बिजागरी सायकलच्या स्पोकनं बांधली. हवा खेळावी म्हणून खाली बाटल्यांची चार बुचं ठेवली. झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं: पु. मेश्राम, १८-१-०६. रेडिओवाल्यांची ती रीतच. पुढच्या कारागिराला कळावं, आधी कोणाचा हात लागलाय. यादी वेळेवर गेली.

मार्चमध्ये एका दुपारी विजेचा दाब अचानक वाढला. शाळेतले दोन पंखे जळले, लॅपटॉपही जळला. सचिवांनी तो नागपूरला नेला. दुकानदारानं झाकण उघडून आतलं नाव दाखवलं.

बैठकीत सचिव म्हणाले, "लैपटॉप था कि साइकिल? किससे पूछकर खोला?"

दाराशी उभ्या पुनारामनं खाली पाहिलं. "अपने मन से खोला, साब."

सुनंदाबाई तिसऱ्या खुर्चीवर होत्या. निवृत्तीला तीन महिने उरले होते. त्यांनी समोरच्या हजेरीपटाचं पान उलटलं, मग पुन्हा मागे उलटलं. ठराव बारगळला. दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नको, असंही त्याला तिथंच सांगण्यात आलं.

फाटकापाशी बाईंनी त्याला गाठलं. "माझं नाव काहून नाही घेतलंस?"

"तुमची पेन्शन अडकली असती, बाई." त्यानं सायकलचं कुलूप काढलं. "अन् नाव घ्याचंच होतं, तं तुम्हीबी तिथंच बसल्या होत्या न."

जूनमध्ये शाळेनं बाईंना शाल-श्रीफळ दिलं. सत्कार सचिवांच्याच हातून झाला.

पुनाराम आता मलाजखंडला एका ठेकेदाराच्या गोदामावर पहारा देतो. ड्युटी बारा तासांची आहे, आणि आठवड्याची सुटी नाही.