किसनआप्पांच्या खिशातलं पेन

किसनआप्पांच्या हातात कुणी सहीसाठी पेन दिलं, की ते आधी खिशात घालत. टपालवाला असो, शाळेतले मास्तर असोत, सगळ्यांची तीच गत. "आदी वाचा. पेन कुठं पळून जात न्हाई," म्हणायचे आणि मान तिरकी करून ऐकत उभे राहायचे. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्याशिवाय पेन काही बाहेर येत नसे. केडगावात लोक हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण त्यांनी पहिलं पेन खिशात घातलं तेव्हा मी समोरच टाइपरायटरवर बसले होते.

मी दौंडच्या प्रांत कचेरीत टायपिस्ट होते. आप्पांचं पंक्चरचं दुकान तेव्हा हायवेवरच्या एका पोलीस चौकीसमोर होतं. चौकीला पंच लागला की हाक आप्पांनाच. पंचाने जागेवर जायचं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि मग पंचनाम्यावर सही करायची, असा नियम. आप्पा हात पुसत चौकीत यायचे, चहा प्यायचे, सही करायचे आणि परत ट्यूब पाण्यात बुडवायला जायचे. जागा बघायला कोण जातंय! "सरकारी कामात आपला बी हात लागतूय," असं ते अभिमानाने सांगायचे.

मग एके दिवशी उजाडताना, दरोडेखोरांना शोधणाऱ्या पोलिसांच्या गोळीने महादू नावाचा तरणाताठा मेंढपाळ मेला. पंचनाम्यात लिहिलं होतं, मयताच्या हाताशी कुऱ्हाड पडलेली होती. म्हणजे तो अंगावर धावून आला होता. खाली पंच म्हणून आप्पांची सही.

पोलिसांच्या गोळीने माणूस गेला की चौकशी पोलिसांनी करायची नसते. ती प्रांतसाहेबांकडे आली आणि जबाब टाइप करायला मला बसवलं. महादूची आई ठकूबाई पहिल्यापासून एकच सांगत होती, "कुऱ्हाड सुताराकडं दांडा बसवाया दिल्याली. आजून तितंच हाय." सुतारानेही तेच सांगितलं. साहेब आप्पांकडे वळले.

"तुम्ही कुऱ्हाड पाहिलीत का?"

आप्पांनी एकदा मागच्या बाकावर बसलेल्या चौकीच्या फौजदाराकडे बघितलं, एकदा ठकूबाईकडे. टोपी काढली, घातली, परत काढली.

"न्हाई सायेब. म्या जाग्यावर गेलोच न्हाई. चौकीतच च्या पिलो आन् सही केली."

"खोट्या सहीबद्दल तुमच्यावरही कारवाई होऊ शकते, कळतंय ना?"

"व्हऊ द्या. पर ह्या आक्काच्या पोराला दरोडेखोर म्हून म्याच लिवून दिलंय. ते आदी खोडा."

मी जबाब टाइप केला. साहेबांनी पेन पुढे केलं. आप्पांनी ते घेतलं, सदऱ्याच्या खिशात घातलं आणि मला म्हणाले, "ताई, आदी वाचा." मी वाचला. साहेबांचं पेन खिशात, त्यामुळे साहेबही गुमान ऐकत बसले.

महिन्याभरात आप्पांचं दुकान अतिक्रमणात निघालं. ते केडगावला स्टेशनाजवळ लिंबाखाली बसायला लागले. पण बूड टेकेल तर शपथ. दर सोमवारी पॅसेंजरने दौंडला यायचे आणि माझ्या टेबलासमोर उभे राहायचे.

"अहवालाचं काय झालं, ताई?"

"वर गेलाय, आप्पा."

"वर म्हंजी कुठं? देवाकडं?"

तो अहवाल मीच टाइप केला होता. कुऱ्हाडीबद्दल काय लिहिलंय ते मला पाठ होतं. शेवटच्या शिफारशीही. पंच चौकीसमोरचे दुकानदार नसावेत, पंचनामा जागेवरच लिहावा, मयताच्या नातेवाइकांना तो वाचून दाखवावा. शिफारशी कपाटात पडून होत्या आणि आप्पा त्यांतलं एक अक्षरही ठाऊक नसताना तेच करत फिरत होते. कुठे कुणी पंच झाल्याचं कळलं की सायकल काढून त्याच्या दारात. "जाग्यावर गेल्ता का? वाचलं का?" लोक वैतागायचे. एकाने तर कुत्रं सोडलं अंगावर.

अहवाल गोपनीय, माझी नोकरी नवी. मी तोंड उघडलं नाही. एकदा तरी कानात सांगायला हवं होतं. भित्री होते मी, दुसरं काय!

पुढे माहिती अधिकाराचा कायदा आला, तेव्हा आप्पांनी ठकूबाईला आणून तिच्या नावाने अर्ज करवला. मी लिहिला, त्यांनी तीनदा वाचून घेतला, मगच तिला अंगठा करू दिला. उत्तर यायच्या आधी, एका सायकलीत हवा भरता भरता आप्पा खाली बसले ते उठलेच नाहीत.

नक्कल आली. ती मी स्वतःच ठकूबाईच्या वस्तीवर घेऊन गेले. ती वाघरात, जाळीच्या कुंपणात, मेंढरांना पाला टाकत होती. परतीची एसटी गाठायची होती, म्हणून मी पोचपावती आणि शाईचं पॅड घाईघाईने पुढे केलं. तिने पॅड घेतलं आणि पदराखाली झाकून ठेवलं.

"आदी वाचा, बाई."

मी वाचायला लागले. 'मयताजवळ कुऱ्हाड असल्याचे दिसून येत नाही' इथे तिने हात वर केला. "परत."

मी परत वाचलं. मग आणखी एकदा. एसटी गेली. ते वाक्य मी सात वर्षांपूर्वी टाइप केलं होतं. मोठ्याने आज पहिल्यांदाच वाचत होते.