नागपूरच्या हवेत वाढलेला कॅमेरा

तीन माणसं वर्षानुवर्षं एकाच यंत्राकडे बघत बसली की किस्से आपोआप जमतात. आमच्या लॅबमध्ये धूळ जमू द्यायची नाही असा कडक नियम आहे, किस्स्यांना मात्र कोणी अडवलं नाही.

लॅब म्हणजे बोकडे सर, वंदना आणि मी. सर लेन्सचं बघतात, वंदना सॉफ्टवेअर लिहिते, नट-बोल्ट माझ्याकडे. मोठ्या दुर्बिणीला मागून लावायचा कॅमेरा आम्ही बनवत होतो. हवा हलते म्हणून तारा लुकलुकतो आणि फोटोत त्याचा फुगीर ठिपका होतो. आमचा कॅमेरा पापणी लवायच्या आत कितीतरी फोटो काढतो आणि कॉम्प्युटर त्या सगळ्यांतून खरा तारा शोधतो. सर पाहुण्यांना समजावत, "जावळाच्या दिवशी लेकराचा फोटो काढून पाहा. थांबते का ते? मग धडाधड काढत राहा, अन् सगळे मिळून त्याचं तोंड ओळखा."

पहाडावरच्या एका वेधशाळेनं आम्हाला चाचणी दिली होती. साध्या फोटोत एकच दिसणारा एक जुळा तारा आम्ही दोन करून दाखवायचा. जमलं तर कॅमेरा तिथं कायमचा लागणार, नाही जमलं तर आमचं युनिट बंद. सरांची रिटायरमेंट तोंडावर होती आणि त्यांना हे एवढं एकच काम मागं ठेवून जायचं होतं.

*

कॅमेऱ्याच्या पेटीला आतून काळं कापड लावतात, उजेड परतू नये म्हणून. ते आणायला वंदना आणि मी सीताबर्डीवर गेलो. दुकानदार एकाहून एक मखमल काढत होता आणि वंदना प्रत्येकावर मोबाइलचा टॉर्च मारून नाक मुरडत होती.

"ताई, नवरदेव हेच का?" त्यानं माझ्याकडे बघत विचारलं.

शेवटी त्यानं खालच्या फळीवरून एक गठ्ठा ओढला आणि ओशाळून म्हणाला, "हे तर कितीक दिवाळ्यांपासून पडून आहे. याले काही चमकच नाही."

"सगळं द्या," वंदना म्हणाली.

*

एप्रिलमध्ये टेबलावरचा आमचा नकली तारा लांबुळका दिसायला लागला. मी म्हटलं सॉफ्टवेअर, वंदना म्हणाली नट-बोल्ट, आणि आमचं बोलणंच बंद झालं. एका दुपारी लाइट गेली. यंत्र बॅटरीवर चालू राहिलं आणि तारा एकदम गोल झाला, लाडवासारखा. सरांनी हळूच मान वळवून खिडकीतल्या कूलरकडे पाहिलं. त्याच्या थरथरीनं टेबल हलत होतं.

"बंद ठेवा त्याले."

"सर, नागपूर आहे हे," मी म्हटलं.

कूलर बंदच राहिला. त्या उन्हाळ्यात आमच्या टेस्ट फार लवकर उरकल्या.

*

मे महिन्यात तापलेल्या पत्र्यांवरून हवा अशी थरथरते की समोरची इमारत पाण्यात पडल्यासारखी दिसते. सर खूश होते. "असली खराब हवा फुकटात कुठं भेटते?"

गच्चीवरून आम्ही छोटी दुर्बीण दूर धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या दाराकडे लावली. नुसतं पाहिलं तर दार आहे की पडदा, तेही कळेना. वंदनानं फोटो जुळवले आणि दारावर चिकटवलेला कागद वाचता आला: 'डॉक्टर आज येणार नाहीत.'

सरांचे मेहुणे सावनेरहून नेमके त्याच डॉक्टरकडे आले होते. सरांनी फोन लावला. "घरी ये गा जेवाले. डॉक्टर येत नाही आज."

"भाऊजी, मी आतमध्येच तर बसून राहिलो. तुम्हाले कोणी सांगितलं?"

"दाराबाहेर जाऊन पाह्य."

मेहुणे गेले, त्यांनी कागद वाचला. मग म्हणाले, "भाऊजी, आमच्या घराकडं त्या दुर्बिणीचं तोंड करू नका."

*

यंत्र निघायच्या दिवशी पूजा ठरली. सरांना लेन्सजवळ कुंकवाचा कणही नको होता, म्हणून आम्हा तिघांसोबत गुरुजींनाही टोपी, मास्क आणि हातमोजे चढवले. गुरुजींनी आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पेशंट कुठं आहे?"

*

पहाडावर वेधशाळेच्या प्रमुख बाई स्वतः भेटल्या. निघाल्या पुण्याच्या. अंधार पडल्यावर म्हणाल्या, "नशीबवान आहात. इतकी स्थिर हवा आम्हालाही क्वचित मिळते."

सरांनी आभाळाला हात जोडले. वंदनानं बटण दाबलं. स्क्रीनवर अक्षरं आली: 'झाकण काढा.'

झाकण काढलेलं होतं. मी जाऊन हात लावून पाहून आलो. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा 'झाकण काढा.' बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सर खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मलाही रडू येईलसं वाटलं.

"काहून असं करून राहिलं वं हे?" सरांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

वंदना कीबोर्डवर वाकली. एक ओळ शोधून तिनं त्यातलं काहीतरी बदललं आणि बटण दाबलं. चित्र हळूहळू भरत गेलं. मधोमध शेजारी शेजारी दोन ठिपके होते, स्वच्छ वेगळे. सरांनी चष्मा काढला आणि तो पुसतच बसले.

बाई स्क्रीनजवळ आल्या. "काय बिघडलं होतं?"

"काहीच नाही मॅडम," वंदना म्हणाली. "तारा थरथरत नसला की झाकण लागलं आहे समज, असं मी याले शिकवलं होतं. आता सांगितलं, आपण नागपुरात नाही."