कॉस्टिक गेलं कुठं

माझी शाळा दुसरीपर्यंत. नवरा गेला तेव्हा लेक चार वर्षांची होती. नल्लकुंट्याच्या बस्तीत एका खोलीत आम्ही दोघीच. शेजारणीनं साबण करायला शिकवलं, त्यावर दिवस काढले.

बेगम बाजारातून सरकीचं तेल आणि कॉस्टिक सोडा आणायचे. कॉस्टिक पाण्यात टाकलं की चूल नसताना पाणी तापायचं. एकदा मनगटावर थेंब उडाला, कातडी आतपर्यंत भाजली. एकदा चुकून जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात कालवलं, तर पातेल्यालाच भोकं पडली. ते कॉस्टिकचं पाणी बालदीतल्या तेलात ओतून काठीनं ढवळायचं, दंड भरून येईपर्यंत. खिरीसारखं झालं की लाकडी पेटीत ओतायचं, दुसऱ्या दिवशी तारेनं वड्या कापायच्या, महिनाभर फळीवर ठेवायच्या. मग एक वडी जिभेला लावून बघायची. चावल्यासारखी झोंबली नाही तर विकायची.

चावायची नाही. तरी माझा विश्वास नव्हता. पातेलं खाणारं ते कॉस्टिक वडीच्या आतच झोपलंय, असं वाटायचं. लोकांना विकत होते, पोट होतं. पण लेकीच्या अंगाला लागू दिलं नाही. तिचे कपडे रिठ्यानं धुवायचे. शाळेतल्या पोरी हसायच्या, साबणवालीची पोरगी आणि फ्रॉक मळका. एकदा तिनं गुपचूप वडी उचलली, तर मी हातावर मारलं. कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती बस्तीभर बोलली असती आणि गिऱ्हाईक तुटलं असतं. लेकीनं मनात धरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी म्हणाली, तुला माझ्यापेक्षा वडी प्यारी होती.

आता तिच्याकडंच राहते. नात अकरावीला आहे, दिलसुखनगरला कोचिंगला जाते. परवा जेवताना पुस्तक उघडं होतं, म्हणून काय आहे ते विचारलं. म्हणाली, सगळ्या वस्तू बारीक कणांच्या असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. कोणत्या कणानं कोणाला धरलंय, त्यावर ती वस्तू काय ते ठरतं. माझ्या ताटातलं मीठ दाखवलं. यातला एक म्हणे पाण्यात पडला की पेटणारा धातू, दुसरा जीव गुदमरवणारा वायू.

माझा घास हातातच राहिला. विचारलं, मग ते विष आत झोपलेलं असतं का?

"झोपत नाही आज्जी. विष राहतच नाही. कण तेच, पण एकमेकांना धरलं की ते मीठच."

मग मी तेलाचं आणि कॉस्टिकचं विचारलं. तिनं वहीत काढून दाखवलं. तेलाचे तुकडे सुटतात, कॉस्टिकमधला एक कण जाऊन त्यांना धरतो, तोच साबण. माप बरोबर असेल तर कॉस्टिक उरत नाही.

एवढी वर्षं मी काठी फिरवली. खाली त्या बालदीत, गणती नाही इतके कण, एकाला सोडून दुसऱ्याला धरत होते. त्यांना कोणी सांगायला नाही, दाखवायला नाही. मला वाटायचं, साबण मी करते.

लेक ओट्यापाशी पोळ्या करत होती. तिचं लाटणं थांबलं.

"म्हणजे तू भीत होतीस?"

"हो. तुझं अंग भाजेल म्हणून."

"मग सांगायचं नाही?"

"बस्तीभर बोलली असतीस."

तिनं लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाली, "बोललेच असते."

तिनं गॅस बंद केला, पिठाच्या हातानंच येऊन माझ्याजवळ बसली आणि नातीला म्हणाली, "ते परत काढ. हळू. मलाही बघू दे."