दोघींपैकी एक

सत्काराच्या कार्यक्रमात सूत्रसंचालक माझ्याबद्दल एक वाक्य हमखास म्हणतो, की मॅडमनी खेड्यापाड्यातल्या मुलींची आयुष्यं घडवली. मी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो. मला मात्र त्या वेळी धावडा गावची एक मुलगी आठवत असते, जी माझ्या फुटबॉल संघात कधीच नव्हती.

जालन्याच्या एका महाविद्यालयात मी शारीरिक शिक्षणाची प्राध्यापक म्हणून लागले, तेव्हा फुटबॉलला मी स्वतः कधी पाय लावला नव्हता. माझा खेळ खो-खो. पण खो-खो आणि कबड्डीचे संघ सगळ्यांकडेच होते, आणि आमच्या प्राचार्यांना विद्यापीठात आपलं नाव वेगळं दिसायला हवं होतं. "मुलींचा फुटबॉल काढा," ते म्हणाले, एखादी नवी तुकडी काढायला सांगावं तसं. मी एका प्रशिक्षण शिबिराला जाऊन आले, मोबाइलवर सामने बघत कागदावर आकृत्या काढल्या. गोलचे खांब एका वेल्डरकडून लोखंडी पाइपचे करून घेतले, जर्सीचं कापड जुन्या जालन्यातून आणून शिवून घेतलं. मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल, आणि एका कोपऱ्यात कायम कुणीतरी गाडी शिकत असायचं.

सुरुवातीला आम्ही नुसते हरलो. समोरच्या संघातल्या मुली शेवटी शेवटी दया येऊन गोल मारायचंच थांबवायच्या. ते हरण्यापेक्षा जास्त लागायचं.

मग धावड्याच्या त्या मुलीची बहीण आली. दोघी बहिणींतली ती मोठी, म्हणून मी तिला मोठीच म्हणते. मुलींच्या वसतिगृहाच्या खिडकीतून आमचं मैदान दिसायचं. चार दिवस तिनं वरून बघितलं आणि पाचव्या दिवशी चपला काढून मैदानात उतरली. डावा पाय इतका हुकमी की बॉल तिच्याजवळ आला की थांबायचाच. तिला खेळायला मी शिकवलं असं म्हणण्यात अर्थ नाही. मी तिला फक्त नियम शिकवले, आणि बॉल दुसरीला कधी द्यायचा ते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परतलीच नाही. एका स्थानिक पेपरात आमच्या संघाचा फोटो आला होता, अर्ध्या चड्डीतला. तो धावड्याला पोचला होता.

मी एसटीनं भोकरदनला आणि तिथून काळी-पिवळी जीपनं तिच्या घरी गेले. समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता. वडील ओसरीवर बसले होते. मला आरडाओरड करणारा माणूस भेटेल असं वाटलं होतं, पण ते फार हळू बोलायचे.

"मॅडम, पोरगी वाईट न्हाई माझी," ते म्हणाले. "खेळती तेबी बराबर हाय. पण पेपरात फोटो आल्ता. पाव्हणे फोन करून राह्यले. काय सांगू त्यांना?"

"सांगा की तुमची मुलगी जिल्ह्यात सगळ्यात चांगली खेळते."

"ते तुमच्यासाठी ठीक हाय. इथं मला राहायचंय."

मग मी घासाघीस सुरू केली. चड्डीखाली पायभर लेगिंग्ज घालू. बाहेरगावी मी स्वतः सोबत असेन, रात्री मुलींच्याच खोलीत झोपेन. सणावाराला मी तिला घरी आणून सोडेन. पेपरवाल्यांना फोटो देताना त्यांना विचारीन. त्यांचा चेहरा एकेका वाक्यानं सैल होत गेला.

तेवढ्यात धाकटी चहा घेऊन आली. त्याच वर्षी दहावी पास होऊन अकरावीत गेलेली, बारीक अंगाची. कप हातात देताना तिनं विचारलं, "मॅडम, डाव्या पायानं खेळणारी अजून एक चालती का तुमच्या टीमात?"

सगळे हसले. मोठी म्हणाली, "मॅडम, हिला हसू नका. घरामागं आमी दोघी खेळतो तवा ही माझ्या पायातला बॉल काढून घेती."

वडील हसले आणि मग त्यांनी आत बघितलं. खोलीत कापसाच्या कडेला आडवी झालेली आई उठून बसायचा प्रयत्न करत होती. तिच्या कमरेचं दुखणं मोठं होतं, तिला वाकता येत नव्हतं.

"ठीक हाय मॅडम," वडील म्हणाले. "मोठीला न्या. तुमच्या भरोशावर देतो. पण हिच्या आईची कंबर गेली. कापूस हाय, म्हशी हायत. मंग धाकटी घरी राहील. दोघी-दोघी बाहेर ठेवणं मला बिलकुल जमायचं न्हाई."

"आन् तिची अकरावी?" मोठीनं विचारलं.

"बघू पुढं."

मी बोलायला हवं होतं ते इथं. लेगिंग्जवर मी चहा उकळून होईपर्यंत बोलले होते, आणि या मुलीच्या अकरावीवर माझ्याकडून एक वाक्य आलं नाही. कारण मला भीती वाटली. जास्त ताणलं तर मोठीही हातची जाईल, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर होती. मी म्हणाले, "भाऊ, तुम्ही म्हणाल तसं," आणि चहा पिऊन टाकला. धाकटी आत गेली. जाताना तिनं माझ्याकडे बघितलं की नाही, हे मला आता नक्की सांगता येणार नाही. कधी वाटतं बघितलं. कधी वाटतं ते मी नंतर मनानं जोडलं.

त्या वर्षी आम्ही पहिल्यांदा जिंकलो. मोठी विद्यापीठाच्या संघात गेली आणि पुढच्या हंगामात त्या संघाची जबाबदारीही माझ्याकडे आली. माझं करिअर खऱ्या अर्थानं तिथून सुरू झालं.

धाकटीला अठरा पूर्ण झाली तशी एक दिवस मोठी माझ्या केबिनमध्ये आली. "मॅडम, धाकटीचं जमलं. हसनाबादला दिली. लग्न नेमकं आपल्या स्पर्धेच्या दिवसांतच आलंय."

"तुझं तू ठरव," मी म्हणाले. "मी काहीच म्हणणार नाही."

बोलायला हे किती चांगलं वाटतं. पण हे म्हणताना माझ्यासमोर संघाची यादी होती आणि मी पेनाचं टोपण काढलं होतं. ती त्या पेनाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी येते मॅडम. स्पर्धेला."

लग्नाच्या दिवशी सकाळी ती परक्या शहरातल्या क्रीडा वसतिगृहाच्या पायरीवर मोबाइल धरून बसली होती. पलीकडून धाकटी हळदीनं माखलेला चेहरा दाखवत होती. चित्र सारखं अडकत होतं. "ताई, तू दिसून राह्यली पण आवाज न्हाई," एवढं मला लांबून ऐकू आलं. सरावाची वेळ झाली होती. मी शिट्टी मारली. तिनं फोन बंद केला आणि उठून धावत आली. त्या दिवशी ती पाय बांधल्यासारखी खेळली आणि आम्ही हरून घरी परतलो.

मोठी आता दुसऱ्या जिल्ह्यात शाळेवर क्रीडाशिक्षक आहे. महाविद्यालयाच्या भिंतीवर तिचा फोटो आहे, पायभर लेगिंग्जमधला. प्रवेशासाठी येणाऱ्या पालकांना मी तो दाखवते.

दोन-तीन वर्षांपूर्वी शालेय स्पर्धेत खेळाडू हेरायला मी हसनाबादला गेले होते. मैदानाच्या कडेला एक बाई कडेवर मुलीला घेऊन उभी होती. सामना संपल्यावर जवळ आली.

"मॅडम, ओळखलं का?"

मी ओळखलं नाही.

"धावड्याची. ताईची बहीण."

ती मला घरी घेऊन गेली. सासू अंगणात तूर वाळत घालत होती. आम्ही आत बसलो. इकडचं तिकडचं झालं, मोठीची खुशाली झाली. मग तिनं चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि सहज विचारावं तशी म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी मी दाराआड उभी होते. मला वाटलं तुमी काहीतरी बोलताल. बाबा तुमचं समदं ऐकून राह्यल्ते."

"मी काहीच बोलले नाही," मी म्हणाले.

"न्हाई." तिच्या आवाजात राग नव्हता. "ताई गेली त्याचा मला आनंदच हाय. पण तुमी बोलल्या असत्या आन् बाबा न्हाई म्हणले असते, तर मी बाबांवर चिडले असते. आता कुणावर चिडावं तेच कळत न्हाई."

"माझ्यावर चीड."

ती हसली. "तुमच्यावर चिडलं तर ताईला वाईट वाटंल."

माफी मागावी असं मला वाटलं. पण मागितली असती तर "असू द्या मॅडम" म्हणण्याचं काम पुन्हा तिच्यावरच पडलं असतं. मी विचारलं, "तुला पुढं शिकायचंय का अजून?"

तिनं दाराबाहेर सासूकडे बघितलं आणि होकाराची मान हलवली, अगदी थोडी.

त्या दिवशी मी सासूशी बोलले, नवऱ्याची वाट बघून त्याच्याशीही बोलले. बाहेरून बारावीला बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, शाळेत रोज जावं लागत नाही, हे सगळं सांगितलं. सासू म्हणाली, "लेकराची आई झाली आन् आता काय शिकायचं?" नवरा खताच्या दुकानात कामाला होता. तो म्हणाला, "बसू दे की. बारावी झाली तर अंगणवाडीत तरी लागंल." इतक्या वर्षांपूर्वी ओसरीवर जे शब्द हवे होते ते इतके साधे होते, आणि मी ते इथं, या घरात, न अडखळता बोलून गेले.

ती बसली. इंग्रजीत गेली, पुन्हा बसली, पास झाली. अंगणवाडीची जागा अजून निघालेली नाही. हे झाल्यानं माझं मन हलकं झालं असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तिचा डावा पाय कसा होता, ते मी एकदाही बघितलेलं नाही.

धाकटीच्या अकरावीबद्दल मी त्या दिवशी मुद्दाम गप्प राहिले, हे मी फोनवर मोठीला सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, मला पहिल्यापासून माहीत होतं. मीबी त्या दिवशी एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा न्हाई विचारलं." मग तिच्या शाळेची घंटा झाली.

तेव्हापासून मी कुणाच्या घरी संघासाठी मुलगी मागायला गेले, की आधी घरात आणखी किती मुली आहेत ते विचारते. गेल्या वर्षी भोकरदनच्या बाजूच्या एका गावात अशाच दोन बहिणी होत्या. मोठीला मी मैदानावर बघितलं होतं, बचावात तिच्यासारखी मुलगी मला कधी मिळाली नव्हती. वडील तिला पाठवायला तयार झाले. धाकटीची शाळा बंद करायची त्यांनी ठरवलं होतं. मी म्हणाले, "धाकटीची शाळा चालू राहणार असेल तरच मी मोठीला नेईन."

"मंग राहू द्या मॅडम," ते म्हणाले. "दोघीबी घरीच राहतील."

मी खूप बोलले. दुपार गेली. त्यांनी चहा पाजला, पण निर्णय बदलला नाही. मी जीपमध्ये बसले तेव्हा मोठी दारात उभी होती आणि ती माझ्याकडे बघत होती. या वेळी त्यात काही शंका नव्हती.

संध्याकाळी मी हसनाबादला, धावड्याच्या धाकटीला फोन लावला. दुसऱ्या कुणाला सांगावं ते सुचलं नाही.

"बराबर केलं तुमी," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण त्या मोठीला कळू देऊ नका मॅडम, की बहिणीपायी आपलं राह्यलं."

"ती तिथंच बसली होती."

मग तिची मुलगी कशासाठी तरी रडायला लागली आणि तिनं फोन ठेवला.

आता प्रवेश सुरू होतील. मी त्या गावाला पुन्हा जाणार आहे. वडिलांसमोर काय बोलायचं ते माझं अजून ठरलेलं नाही.